उंच केलेल्या जीपगाडीचा कंप



उंची वाढली म्हणजे प्रतिष्ठा वाढते, ही समजूत पूर्वीं माणसांच्या पगडीपुरती होती. सांप्रत ती मोटारगाड्यांनाहि लागू झाली आहे. जुनी जीपगाडी विकत घ्यावी, तिच्या कमानी उंच कराव्या, तिला मूळच्यापेक्षां मोठीं व रुंद चाकें बसवावीं, आणि मग ती डोंगरांत, नदीच्या पात्रांत, शेताच्या बांधांवरून हिंडवावी, हा छंद मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतील तरुणांत जसा पसरला आहे, तसाच तो मराठवाड्याच्या खेड्यांतहि पोंचला आहे. छंद वाईट नव्हे. परंतु अशा गाडीला कधीं कधीं एक विलक्षण रोग जडतो. ताशीं साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगानें सरळ सडकेवर निर्वेध चाललेली गाडी एखाद्या लहानशा खांचेवरून जाते, आणि त्याच क्षणीं तिचीं पुढचीं दोन्ही चाकें डावीं-उजवीं इतक्या जोरानें थरथरूं लागतात कीं, स्टिअरिंगचें चाक चालकाच्या हातांतून निसटूं पाहतें, समोरची कांच खडखडते आणि आंत बसलेल्यांचा जीव कासावीस होतो. खांच केव्हांच मागें राहिलेली असते, पण थरथर थांबत नाहीं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ह्या रोगाला 'डेथ वॉबल', म्हणजे मरणकंप, असें नांव पडलें आहे. नांव भयंकर आहे खरें. तथापि ज्यानें हा कंप एकदां अनुभवला, त्याला तें अतिशयोक्तीचें वाटत नाहीं.

हा कंप दैवी नाहीं, आणि एखाद्या कारखान्याची ती चेटूकविद्याहि नाहीं. त्याला कारणें आहेत, तीं मोजतां येतात, आणि बहुतेक वेळां दूरहि करतां येतात. मात्र आपल्याकडे 'रोग हाल्याला आणि औषध पखालीला' अशी जी म्हण आहे, तिचा प्रत्यय ह्या रोगाच्या बाबतींत जितका येतो तितका क्वचित्‌च अन्यत्र येत असेल.

बीड शहराहून सोलापूरच्या दिशेनें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत पाली हें गांव लागतें. गांवाजवळ बिंदुसरा नदीवरचें धरण आहे. पुढें बालाघाटाच्या डोंगरांत मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. जवळून जाणारा धुळें-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ५२, आतां चौपदरी झाला आहे. अशा गांवाच्या शिवारांत दोन जगें एकमेकांस चिकटून नांदतात. एकीकडे काळ्या मातीची पाणंद, तर दुसरीकडे वेगाची सडक. पाणंदींतून ताशीं दहा किलोमीटरच्या चालीनें डुलत आलेली जीप घटकाभरांत महामार्गावर चढते आणि सत्तरीनें धांवूं लागते. जे दोष पाणंदींत झोंपलेले असतात, ते सडकेवर जागे होतात. हा कंप शेतांत होत नाहीं, घाट चढतांना होत नाहीं. तो घाट उतरून गाडी मोकळ्या सडकेला लागली म्हणजे होतो. म्हणूनच 'काल शेतांत तर गाडी ठणठणीत होती' ही साक्ष येथें उपयोगाची नाहीं.

आतां कंप होतो कसा तें पाहूं. बैलगाडीचा आख ज्यानें पाहिला आहे, त्याला जुन्या जीपची पुढची रचना समजण्यास वेळ लागूं नये. बैलगाडीचीं दोन्ही चाकें एकाच आखाला असतात. एक चाक दगडावर चढलें कीं सबंध आख कलतो, आणि पलीकडच्या चाकालाहि त्याची वार्ता लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील विलीज व फोर्ड ह्या कारखान्यांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. त्यांचा पुढचा आख असाच अखंड होता. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस ह्याच घराण्याच्या गाड्या आपल्या देशांत जोडण्यास आरंभ केला, आणि पुढें कित्येक वर्षें तिच्या जीपगाड्यांना पुढें अखंड आख व पोलादी पाट्यांच्या कमानी असत. मारुतीची जिप्सी हीहि त्याच रचनेची. पुण्याजवळील रांजणगांवीं २०२१ पासून जोडली जाऊं लागलेली जीप रँगलर आणि २०२३ सालीं आलेली पांच दारांची जिम्नी ह्यांत पाट्यांच्या जागीं वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आहेत, पण आख अखंडच आहे. उलट २०२० सालच्या नव्या थार गाडीचीं पुढचीं चाकें एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तिच्यांत सांधे झिजले तर ती हादरेल, परंतु येथें वर्णिलेला रोग मुख्यतः अखंड आखाच्या घराण्याचा होय.

अखंड आखाच्या दोन्ही टोकांना खुंट असतात. त्यांना किंगपिन म्हणतात. कांहीं गाड्यांत त्यांच्या जागीं गोळ्यांचे सांधे, म्हणजे बॉल जॉइंट, असतात. ह्या खुंटांभोंवतीं चाकें डावीं-उजवीं वळतात. म्हणजे पुढच्या भागाला दोन प्रकारची हालचाल करतां येते: आख एका बाजूस कलणें, ही एक; आणि चाकांनीं खुंटाभोंवतीं वळणें, ही दुसरी. चाकें थांबलेलीं असतांना ह्या दोन हालचालींचा परस्परांशीं संबंध नसतो. चाकें फिरूं लागलीं कीं संबंध जुळतो. शाळेंतील मुलांना हें सहज दाखवितां येतें. सायकलचें सुटें चाक आंसाच्या दोन्ही टोकांशीं हातांनीं धरावें, दुसऱ्यानें तें जोरानें फिरवावें, आणि मग तें एका बाजूस कलवून पाहावें. कलवावें तर तें वळूं पाहतें, आणि वळवावें तर तें कलूं पाहतें. फिरता भोंवराहि बोटानें लोटल्यास समोर न पडतां आडव्या दिशेला सरकतो, त्याचें कारण हेंच.

मग जीपचें डावें चाक खांचेंत आदळून उसळलें कीं आख कलतो. फिरतीं चाकें त्या कलण्याला वळण्यानें उत्तर देतात. तीं वळलीं कीं त्यामुळें आख उलट बाजूस कलतो. तो कलला कीं चाकें उलट वळतात. दोन मुलांनीं झोंपाळ्यावर समोरासमोर उभें राहून आळीपाळीनें झोंका चढवावा, तसा हा प्रकार आहे. प्रत्येक झोंक्याला लागणारी शक्ति गाडीच्या धांवण्यांतून, टायर व सडक ह्यांच्या घर्षणाच्या द्वारें मिळत राहते. म्हणून खांच मागें राहिली तरी कंप टिकतो, आणि वेग उतरल्यावांचून तो सहसा शमत नाहीं. चालकाचा हात त्याचें कारण नसतो, आणि बहुधा केवळ मनगटाच्या बळावर तो थांबवितांहि येत नाहीं.

हा शोध नवीन नाहीं. १९२० नंतरच्या दशकांत मोटारगाड्यांना पुढच्या चाकांवरहि ब्रेक आले आणि मऊ, फुगीर टायर आले. तेव्हां अखंड आखाच्या साध्या प्रवासी गाड्यासुद्धां अशाच थरथरूं लागल्या. त्या काळच्या एका अंगविक्षेपाच्या नाचावरून लोकांनीं त्या थरथरीला 'शिमी' असें नांव दिलें. मॉरिस ऑली ह्या इंग्रज यंत्रज्ञानें अमेरिकेंतील कॅडिलॅकच्या कारखान्यांत ह्या प्रश्नावर परिश्रम घेतले, आणि १९३४ च्या सुमारास तेथील अनेक गाड्यांना स्वतंत्र पुढचीं चाकें मिळालीं. आखच तोडला, तेव्हां एका चाकाची वार्ता दुसऱ्याला पोंचण्याचा मुख्य मार्गच बंद झाला. खडकाळ वाटेवर मात्र अखंड आखाचे फायदे आहेत: तो मजबूत असतो, आणि एक चाक वर उचललें गेलें म्हणजे दुसरें खालीं जमिनीवर दाबलें जातें. ह्याच गुणांसाठीं जीपच्या घराण्यानें तो ठेवला, आणि त्याबरोबर त्याचा वारसारोगहि राखला.

आतां प्रश्न असा कीं, कारखान्यांतून निघालेली जीप वर्षानुवर्षें सुरळीत चालते, तर ती उंच केल्यावरच का थरथरावी? ह्याचें उत्तर तीन हिशेबांत आहे.

पहिला हिशेब कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसून माथ्याशीं मागें कललेला असतो. त्यामुळें दोन्ही हात सोडले तरी सायकल सरळ जाऊं पाहते. जीपच्या किंगपिनचा माथाहि असाच किंचित् मागें कललेला असतो. ह्या कलास कॅस्टर म्हणतात, आणि युद्धकालीन जीपमध्यें तो तीन अंश होता. ह्या कलामुळें चाक जमिनीला टेकतें तो बिंदु खुंटाच्या रेषेच्या मागें पडतो, आणि चाक ओढल्या जाणाऱ्या वस्तूप्रमाणें आपण होऊन सरळ राहतें. समजा, पुढची कमान छत्तीस इंच लांबीची आहे आणि तिचा झुलता दुवा, ज्याला शॅकल म्हणतात, तो कमानीच्या पुढच्या टोंकाला आहे. गाडी स्वस्तांत उंच व्हावी म्हणून कोणी तो शॅकल दोन इंच लांब केला. म्हणजे कमानीचें पुढचें टोंक दोन इंच खालीं गेलें. छत्तीस इंचांत दोन इंचांचा उतार म्हणजे तीन अंशांहून किंचित् अधिक. आख कमानीला जखडलेला असल्यामुळें तोहि तितकाच पुढें कलतो. मागची बाजूहि तितकीच उंच केली असेल आणि गाडी सपाट उभी असेल, तर तीन अंशांचा सबंध कॅस्टर ह्या एका दुव्यानें गिळून टाकला! चाकाला सरळ ठेवणारा आपोआप लगाम गेला. शॅकल मागच्या टोंकाला असेल तर परिणाम उलट होतो, आणि कॅस्टर प्रमाणाबाहेर वाढला तरीहि चाकें थरथरूं शकतात. वेटोळ्यांच्या स्प्रिंगांच्या गाडींत आख लांब दांड्यांनीं धरलेला असतो. गाडी उंच झाली कीं त्या दांड्या खालीं कलतात आणि आखाला फिरवितात, तेव्हां तेथेंहि कॅस्टर कमीच होतो. सारांश, उंचीबरोबर हा कोन मोजून पुन्हां जाग्यावर आणणें हें उंची वाढविण्याच्या कामाचाच एक भाग आहे. कमानीच्या गाडींत आख व कमान ह्यांच्यामध्यें योग्य अंशाची पोलादी पाचर बसवून तो साधतां येतो.

दुसरा हिशेब चाकांचा. युद्धकालीन जीपचा टायर सुमारें अठ्ठावीस इंच व्यासाचा. हौशी मंडळी त्याजागीं तेहेतीस इंचांचाहि घालतात. वजन तेंच राहिलें असें क्षणभर धरलें, तरी चाकाची जडता व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत, म्हणजे सुमारें चाळीस टक्क्यांनीं वाढते. प्रत्यक्षांत वजनहि वाढतें, तें निराळेंच. ज्या खुंटांना, सांध्यांना व बेअरिंगांना कारखान्यानें लहान चाक झेलण्यासाठीं घडविलें, त्यांच्या माथीं हा बोजा येतो. त्यांतच वेगाची फसवणूक होते. वेगदर्शक कांटा चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठें झालें हें त्याला ठाऊक नसतें. तो साठ दाखवीत असतां मोठ्या चाकांची गाडी सत्तरीनें धांवत असते. त्या वेळीं चाकाचे सेकंदाला सुमारें साडेसात फेरे होतात. आतां रिमच्या कांठाशीं, मध्यापासून वीस सेंटिमीटरांवर, केवळ पन्नास ग्रॅम वजन एका बाजूला अधिक असलें, तर तें दर फेऱ्याला सुमारें सव्वादोन किलोग्रॅमांच्या भाराइतका हिसका देतें. आणि पालीसारख्या गांवांत पन्नास ग्रॅमांची कथा कशाला? पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल रिमच्या आंतल्या बाजूस थापला जातो आणि वाळून विटेसारखा घट्ट होतो. असा अर्धा किलो चिखल एका बाजूस राहिला तर हिसका बावीस-तेवीस किलोग्रॅमांचा, आणि तो सेकंदाला सात-आठ वेळां! पुढच्या भागाच्या स्वतःच्या झोंक्याशीं हा ताल जुळला कीं कंपाला आमंत्रणच. अशा गाडीचा रोग बादलीभर पाण्यानें आणि लांब दांड्याच्या ब्रशानें बरा होऊं शकतो.

तिसरा हिशेब सैलपणाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकापर्यंत हालचाल नेणाऱ्या दांड्या, त्यांच्या टोंकांचे टायरॉड एंड, किंगपिनच्या बेअरिंगा, चाकाच्या बेअरिंगा, कमानींचे रबरी बुश, शॅकलचे बोल्ट, आखाला कमानीशीं आवळणारे यू-बोल्ट आणि खुद्द पेटीला चासीशीं धरून ठेवणारे बोल्ट, अशी ही एक सांखळी आहे. वेटोळ्यांच्या स्प्रिंगांच्या गाडींत आख आडवा सरकूं नये म्हणून एक तिरकी आडवी दांडी असते. तिला ट्रॅक बार म्हणतात. ह्यांपैकीं एकेका ठिकाणीं केसभर सैलपणा, कारागिरांच्या भाषेंत 'प्ले', असला तरी तो एकट्यानें फार कांहीं बिघडवीत नाहीं. परंतु आठ ठिकाणचा केसभर सैलपणा एकत्र झाला म्हणजे चाकाला कोणाच्याहि आज्ञेवांचून मोकळें हलण्यास जागा मिळते. शिवाय गाडी उंच केल्यावर स्टिअरिंगची दांडी व ट्रॅक बार ह्यांचा उतार तीव्र होतो. त्या दोन्ही दांड्या समांतर राहिल्या नाहींत, तर आख नुसता वर-खालीं झाला तरी चाक वळतें; खांच स्टिअरिंगला थेट ढकलूं लागते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. ह्या कंपाचा अपराधी सहसा एकटा नसतो. खांच ही ठिणगी, असमतोल चाक हा वारा, आणि सैल सांधे हें वाळलेलें गवत. ठिणगीला दोष देण्यांत अर्थ नाहीं. खांचा सडकेवर राहणारच.

आणि येथेंच पखालीला औषध देण्याचा प्रसंग येतो. समजा, पालीचा एखादा कष्टाळू तरुण आपली जुनी जीप उंच करून घेतो. दिवसा ती शेतांत राबते, आणि प्रसंगीं घरांतल्या वृद्धांना दवाखान्यासाठीं बीडला नेते. एके दिवशीं सडकेवर तिला कंप सुटतो. तो कोणाला तरी विचारतो, आणि उत्तर मिळतें: 'स्टिअरिंग डॅम्पर घाल.' डॅम्पर म्हणजे तेलानें भरलेली एक नळी. ती स्टिअरिंगच्या दांडीला जोडली कीं झटपट होणाऱ्या हालचालीला विरोध करते. तरुण ती घालतो, कंप नाहींसा होतो, आणि औषध लागू पडलें असें घरादाराला वाटतें. वस्तुतः सैल सांधे जेथल्या तेथेंच असतात. ते आतां मूकपणें झिजत राहतात, कारण ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवलेला आहे. कांहीं महिन्यांनीं नळीचें तेल पाझरतें, तिचा जोर ओसरतो, आणि कंप परत येतो. तो ह्या वेळीं अधिक झिजलेल्या सांध्यांवर, आणि मागें बसलेलीं माणसें निश्चिंत असतांना.

डॅम्पर निरुपयोगी आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. कारखानेहि तो घालतात, आणि चांगल्या स्थितींतील गाडीला तो साह्य करतो. अमेरिकेंत २०१९ सालीं नव्या रँगलर गाड्यांच्या थरथरीच्या तक्रारी आल्या, तेव्हां थंडींत डॅम्परच्या तेलांत हवेचे बुडबुडे होतात असें कंपनीनें सांगितलें आणि सुधारलेले डॅम्पर बसवून दिले. नव्या, कसलेल्या सांध्यांच्या गाडींत दोष खरोखर डॅम्परचा असूं शकतो. परंतु वीस-तीस वर्षें राबलेल्या आणि वर उंच केलेल्या जीपमध्यें डॅम्परकडे सर्वांत शेवटीं वळावें. ज्वर उतरविणें आणि ज्वराचें कारण घालविणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें गृहिणींना निराळें सांगावयास नको.

मग परीक्षा कशी करावी? तिला दोन माणसें, थोडा उजेड आणि पुष्कळ धीर लागतो. प्रथम चाकें आंतून-बाहेरून स्वच्छ धुवावीं, टायरांत दोन्हीकडे सारखी व योग्य हवा आहे ना तें पाहावें, आणि चाकांचें बॅलन्सिंग करून घ्यावें. टायर एखाद्या बाजूला फुगलेला किंवा वेडावांकडा झिजलेला असेल, तर तो पुढें ठेवूं नये. नंतर गाडी सपाट जागीं उभी करून एका माणसानें स्टिअरिंगचें चाक थोडें डावीकडे, थोडें उजवीकडे असें सारखें हलवीत राहावें. दुसऱ्यानें बाजूनें वांकून प्रत्येक सांधा डोळ्यांनीं पाहावा आणि बोटानें चांचपावा. जेथें एक दांडी हलते पण तिला जोडलेली दुसरी क्षणभर उशिरानें हलते, तेथें दोष आहे. ह्याच वेळीं पेटी चासीवर डोलते काय, तिच्याजवळ चासीला चीर गेली आहे काय, आणि ट्रॅक बारच्या बोल्टाचें भोंक लंबगोल झालें आहे काय, हेंहि पाहावें. लंबगोल भोंकांत नवा बोल्ट कितीहि आवळला तरी तो फार दिवस टिकत नाहीं.

पुढची पायरी म्हणजे चाक उचलून पाहणें. मागच्या चाकांना लांकडी ठोकळे लावून, आखाखालीं भक्कम लोखंडी टेकू दिल्यावांचून हें करूं नये. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं डोकें घालणें म्हणजे साहस नव्हे, अविचार होय. उचललेलें चाक माथ्याशीं व तळाशीं धरून आंत-बाहेर हलवावें. तें खडखडलें तर चाकाची बेअरिंग किंवा किंगपिन सैल आहे. दुसऱ्यानें ब्रेक दाबून धरला असतां खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. न थांबली तर किंगपिनचा, असें बहुधा समजावें. मग चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवावें; येथें दोष टायरॉड एंडचा सांपडतो. जुन्या जीपमध्यें किंगपिनच्या बेअरिंगांवरचा दाब पातळ चकत्या, म्हणजे शिमा, काढून-घालून ठरवितात, आणि तो ताणकांट्यानें ओढून मोजतात. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो; खुंट लोण्यासारखा सहज वळूं लागला तर कारागिराची स्तुति करूं नये, कारण तोच सहजपणा कंपाला वाट देतो. सर्वांत शेवटीं यंत्रावर कॅस्टर व चाकांची समांतरता मोजून घ्यावी, आणि झालेलें माप कागदावर लिहून मागावें. तोंडी 'अलाइनमेंट केली' ह्या शब्दाला मापाची किंमत नाहीं.

ह्या सर्वांआधींच कंप सुटला तर चालकानें काय करावें? घाबरून ब्रेकवर उभें राहूं नये. जोराच्या ब्रेकानें पुढच्या चाकांवर भार येतो आणि गाडी एका बाजूस खेंचली जाऊं शकते. वेगवर्धकावरचा पाय काढावा, स्टिअरिंगचें चाक दोन्ही हातांनीं धरावें परंतु अंगठे त्याच्या आऱ्यांत गुंतवूं नयेत, मागची वाहनें ध्यानांत घेऊन हळुवार ब्रेक लावीत वेग उतरवावा, आणि गाडी सडकेच्या कडेला घ्यावी. वेग पुरेसा उतरला कीं कंप सामान्यतः आपोआप शमतो. तो शमला म्हणजे रोग गेला असें समजून पुन्हां सत्तरी गांठणें हा मात्र स्वतःच्या व परक्याच्या जीवाशीं खेळ आहे. एकदां झालेल्या कंपाच्या तडाख्यानें सांधे आणखी सैल होतात. दुसरा कंप पहिल्यापेक्षां लवकर येतो.

कायद्याचीहि एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत हें तत्त्व स्पष्ट केलें. आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ मध्यें अवैध बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. पुष्कळांना हा कायदा हौसेचा वैरी वाटतो. परंतु दोन इंचांच्या एका दुव्यानें तीन अंशांचा सबंध कोन कसा नाहींसा होतो, हें ज्यानें कागदावर मांडून पाहिलें, त्याला ह्या कायद्यामागील काळजी समजण्यास अडचण पडूं नये. मूळ गाडीचें एकेक माप दुसऱ्या मापाच्या भरंवशावर उभें असतें. एक वाढविलें तर बाकीच्यांना विचारावें लागतें.

ज्या घरीं अशी गाडी आहे, त्या घरच्या वडील मंडळींनीं तरुणांच्या हौसेवर रागावण्यापेक्षां त्यांना दोन प्रश्न विचारावे. गाडी उंच केल्यावर कॅस्टर किती राहिला? आणि सांधे कोणीं, कोणत्या दिवशीं तपासले? पहिल्याचें उत्तर अंशांत आलें पाहिजे आणि दुसऱ्याचें तारखेंत. उत्तर तसें न आल्यास रविवारची सहल पुढें ढकलावी, आणि ती सकाळ गाडीपाशीं घालवावी. एकानें स्टिअरिंग हलवावें, दुसऱ्यानें खालीं वांकून पाहावें. ह्या कामाला पैसा लागत नाहीं. आणि घाट उतरून सडकेला लागणाऱ्या गाडींत मागें कोण बसलें आहे हें आठवलें, म्हणजे वेळहि फार लागतो असें वाटत नाहीं.